सत्तेचाळीस खोळी

परवा मारुंजीत भाजीच्या टेम्पोपाशी गवार निवडत उभी होते. तेवढ्यात आम्हा चौघांचे फोन एकदम कोकलले. अतिवृष्टीचा इशारा, घाटमाथ्यावर सावध राहा, वगैरे. शेजारच्या मुलीच्या गळ्यात कंपनीचं कार्ड होतं. तिनं अंगठ्यानं तो इशारा बाजूला सारला आणि मैत्रिणीला म्हणाली, "उद्या वर्क फ्रॉम होम मिळतंय बघ." भाजीवाल्यानं कोथिंबिरीवर प्लास्टिक ओढलं. माझ्या हातातली गवार हातातच राहिली. "काकू, तोलू का?" त्यानं दोनदा विचारलं म्हणे. तोल बाबा, म्हटलं. घरी येऊन पिशवी ओतली तर गवारीबरोबर किलोभर दोडका निघाला. आमच्याकडे दोडका कुणी खात नाही.

दरवर्षी हे असंच. आषाढ लागला, ताम्हिणीच्या अंगाला आभाळ काळं झालं, की माझं चित्त ठिकाणावर राहत नाही. लोकांना पाऊस आला की भजी आठवतात. मला एका शाळेचा व्हरांडा आठवतो, आणि तिथं उभी राहून मी फोनवर बोललेलं दोन शब्दांचं वाक्य. "सगळे आले." ते खोटं होतं. एक बाई आली नव्हती. पारू तिचं नाव. ती वर वाडीत, गोठ्याच्या पडलेल्या भिंतीखाली पाय अडकून पडली होती, शुद्धीवर होती, आणि मी खाली साऱ्या तालुक्याला सांगत होते की सगळे आले. हे वाक्य माझं होतं, हे पारूला सांगायचं म्हणून मी दर पावसाळ्यात तिच्याकडं जायची. आणि दर पावसाळ्यात चहा पिऊन परत यायची.

मी मूळची मारुंजीचीच. आमच्या भाताच्या खाचरावर आता चार मजले उभे आहेत आणि प्रत्येक मजल्यावर भाडेकरू. शेती आटली तशी मी हिंजवडीतल्या एका कंपनीत लागले, इमारतीची देखभाल नि सुरक्षा बघायला. आगीची रंगीत तालीम घ्यायची, हे माझं सर्वांत आवडतं काम. घंटा वाजायची, पोरंपोरी हातात कॉफीचे कप घेऊन कुरकुरत जिन्यानं उतरायची आणि पार्किंगमधल्या हिरव्या पाटीखाली गोळा व्हायची. मी पिवळं जाकीट घालून बोट नाचवत डोकी मोजायची. सकाळपासून किती कार्डं आत गेली ते यंत्र सांगायचं. यंत्राचा आकडा आणि माझा आकडा जुळला की शिट्टी, की सगळे परत वर. इमारत झटपट रिकामी करते म्हणून मला एक काचेचं बक्षीससुद्धा मिळालं होतं. ते अजून टीव्हीशेजारी आहे. धूळ पुसते त्याची, पण पुसताना तिकडं बघत नाही.

नोकरी संपली आणि हातपाय स्वस्थ बसू देईनात, तेव्हा एका लहानशा संस्थेबरोबर मुळशीतल्या डोंगरवाड्यांवर जायला लागले. दरडीच्या तोंडाशी असलेल्या वस्त्यांना पावसाआधी तयार करायचं, आणि काही घडलंच तर नंतर उभं राहायला हात द्यायचा, असं ते काम. तहान लागल्यावर विहीर खणू नका, हे मी तिथं इतक्यांदा म्हणाले की वाडीतल्या बाया माझ्यामागं माझी नक्कल करायच्या. त्या वाडीचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. ताम्हिणीच्या अलीकडं, कड्याच्या पोटाशी अकरा घरं. खाली ओढा आणि ओढ्याच्या अल्याड शाळा. शाळेतून वाडी अगदी समोर दिसते, हात लांब केला तर लागेल असं वाटतं. चालत जायचं तर अर्ध्या तासाचा चढ.

पारू मला पहिल्यांदा भेटली ती पाऊस मोजायच्या नळीपाशी. आम्ही एका खांबावर ती नळी बसवली, तिच्यावर तांबडी रेघ मारली. पाणी रेघेवर गेलं की घर सोडायचं आणि शाळेत यायचं, एवढाच नियम. पारू कमरेवर हात ठेवून बघत होती. नवरा गेलेला, घरात डोळ्यांनी अधू सासू आणि एक म्हैस. "मॅडम, बाटलीत मावला तर त्यो मुळशीचा पाऊस कसला?" म्हणाली. सगळे हसले. मी म्हटलं, मग तूच बघ रोज, मावतो की नाही ते. तिनं खरंच बघितलं. वहीत लिहायला सांगितलं नव्हतं तरी ती रोजचं पाणी दाराच्या चौकटीवर कोळशानं लिहायची.

आणि कोंडिबाबा. वाडीतलं सगळ्यात वडीलधारं माणूस, डोक्याला लालभडक पागोटं. मे महिन्यात आम्ही रंगीत तालीम घेतली त्या दिवशीचं त्यांचं बोलणं मला शब्द न् शब्द पाठ आहे. मी रेशनकार्डांवरून यादी केली होती. अकरा घरं, सत्तेचाळीस माणसं. शाळेच्या पायरीवर उभं राहून मोजायचं, सत्तेचाळीस भरले की काम झालं, असं मी समजावत होते.

"बाई, त्ये मोजायचं तेवढं सोडा," कोंडिबाबा म्हणाले.

"का हो बाबा?"

"जित्या माणसाला मोजत न्हाईत. आमी जनावरंबी मोजत न्हाई, वळखतो. माणसाला हाळी द्यायची. त्यानं ओ दिली की तो हाय."

मी ती हाळी ऐकली होती. दिवस कलला, रानात गेलेली माणसं उतरू लागली, की कोंडिबाबा वाडीच्या तोंडाशी एका सपाट खडकावर उभे राहायचे आणि तोंडाशी हात धरून एकेकाचं नाव घ्यायचे. लांब, सावकाश. तिकडून ओ आली की पुढचं नाव. नाही आली तर तेच नाव पुन्हा. ओ येईतोवर पुढं जायचं नाही, असा दंडकच. मला ते इतकं आवडलं की मी फोनवर ते टिपून घेतलं आणि भाचीला पाठवलं. पण आवडणं वेगळं आणि मान देणं वेगळं. मी बाबांना म्हटलं, "सत्तेचाळीस नावं घेईपर्यंत डोंगर थांबणार आहे का?" त्यावर लोक खो खो हसले. कोंडिबाबाही हसले. माझे वडील मला लहानपणी म्हणायचे, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. ते मी तेव्हा आठवायला हवं होतं.

तालीम झकास झाली. ऊन कडकडीत होतं, ओढा कोरडा होता, सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस माणसं अर्ध्या तासात शाळेत. मी गूळ-शेंगदाणे वाटले.

मला तेव्हा हे दिसलं नाही की मे महिन्यातली वाडी आणि आषाढातली वाडी एक नसते. आणि मी तर शेतकऱ्याची मुलगी. मला दिसायला हवं होतं. आमच्या घरीसुद्धा लावणी सावडीनं व्हायची. आज सगळी वाडी तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. त्या दिवसांत घर म्हणजे काय उरतं? म्हातारीकोतारी आणि तान्ही पोरं एका घरात, कर्ती माणसं भलत्याच्या बांधावर, जेवण तिसऱ्याच चुलीवर. सासरी गेलेल्या लेकी लावणीपुरत्या माहेरी आलेल्या. रेशनकार्डाला यातलं काही माहीत नसतं. मी बारा वर्षांची होईपर्यंत गुडघाभर चिखलात उभी राहून रोपं लावली आहेत, आणि तरी यादी करताना मी हिंजवडीची झाले. तिथं सकाळी आत गेलेलं कार्ड संध्याकाळपर्यंत त्याच मजल्यावर असतं.

तर तो दिवस. तीन दिवस पाऊस नुसता ओतत होता. मी आदल्या दिवसापासून शाळेतच मुक्कामाला होते. सकाळी पारूनं नळी बघितली आणि तशीच धावत बांधावर गेली. "रेघ गेली, रेघ गेली! चला समदी!" लोकांनी हातातल्या रोपांच्या मुठी तिथंच टाकल्या. मला अजून त्यांचं कौतुक वाटतं. कुणी वाद घातला नाही, कुणी भांडी आवरत बसलं नाही. शेजाऱ्यांनी पारूच्या सासूला पाठीवर घेतलं. ओढ्यावरच्या साकवावरून रांग लागली. प्रत्येकाच्या डोक्यावर खतांच्या पोत्यांच्या खोळी, पार नाकापर्यंत ओढलेल्या, सगळ्या सारख्या पांढऱ्या. मी पिवळं जाकीट घालून पायरीवर उभी. पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस.

मी माणसं मोजली नाहीत. मी खोळी मोजल्या.

त्या खोळींमध्ये एक मंदा होती. कोंडिबाबांची लेक, दोन दिवसांपूर्वी लावणीला माहेरी आलेली. ती माझ्या यादीत नव्हती. आणि पारू खोळींमध्ये नव्हती. सगळ्यांना हाका मारून ती म्हैस सोडायला मागं फिरली होती. म्हैस सुटली. तिच्यामागून पारू निघणार एवढ्यात गोठ्यामागचा उतार खाली आला. त्या पावसात तो आवाज कुणाला ऐकू येणार? एक कमी, एक जास्त. आकडा बरोबर जुळला.

शाळेत चूल पेटली, चहा झाला. तेवढ्यात पाऊस थोडा थांबला आणि धुकं फाटलं. समोर वाडी दिसली. घरांची कौलं जागच्या जागी. मी म्हटलंसुद्धा, "बघा, घरं कशी शाबूत आहेत." कोंडिबाबा उठले. व्हरांड्याच्या कडेला गेले आणि हात तोंडाशी नेला. नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. तालुक्याहून विचारत होते, वाडी रिकामी झाली का. मी एका हातानं बाबांचा दंड धरला. "बाबा, बसा हो. मोजलंय मी. सत्तेचाळीस झाले." आणि फोनवर मी म्हणाले, "सगळे आले." बाबांच्या हातात चहाचा कप दिला. ते बसले.

मोजलंय म्हटल्यावर कोण कशाला शोधतं? वाडीच्या लोकांना एकमेकांची चौकशी करायची सवय होती. ती मी माझ्या एका आकड्यानं मोडली. बाया एका वर्गात, म्हातारी माणसं दुसऱ्यात. बायांना वाटलं पारू म्हाताऱ्यांपाशी असेल. म्हाताऱ्यांना वाटलं ती बायांच्यात. कुणी विचारलंच तर दुसरं कुणी म्हणायचं, अगं मॅडमनी मोजलंय. चार तास असे गेले, बाहेर पुन्हा तोच पाऊस. मग खिचडीची पातेली उतरली तेव्हा पारूच्या सासूनं ताट पुढं ढकललं. "पारू आल्याबिगर मी न्हाई जेवायची." लोक पारूला बोलवायला गेले तेव्हा ती कुठंच नव्हती. कोंडिबाबा उठले. व्हरांड्याच्या कडेला गेले आणि त्या पावसातच हाळी दिली. "पारू..." एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या हाळीला पाऊस जरा मंदावला आणि वरून, अगदी बारीक, ओ आली.

पोरं धावली. तिला घोंगडीच्या झोळीत घालून उतरवली. पाय राहिला, पण गुडघ्याखाली त्यात जीव आला नाही. पुण्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "इतका उशीर का झाला?" पावसामुळं, असं मी सांगितलं. बघा, तिथंही मी पावसावर ढकललं.

पावसानं खाचरं वाहून नेली होती; पुढचे दोन महिने आम्ही सगळे वाडी उभी करायच्या मागं होतो. वरातीमागून घोडं कसं येतं ते मी तिथं पाहिलं. शहरातून कपड्यांनी भरलेले टेम्पो आले. त्यात जरीचे घागरे, उंच टाचांचे बूट, कुणाच्या तरी लग्नातला एक कोट. तो कोट कोंडिबाबांनी बुजगावण्याला घातला. खऱ्या उपयोगाचं काही आलं असेल तर ते खालच्या गावांतून. त्यांनी आपली उरलेली भाताची रोपं ओली पोती गुंडाळून पाठवली, आणि रोपांच्या मागं माणसं पाठवली. वाहून गेलेल्या खाचरांत पुन्हा लावणी झाली. सगळ्यात आधी पारूचं खाचर लावलं. मी दवाखान्यात तिला ते सांगितलं, तर म्हणाली, "दाट लावलं नसलं म्हंजे बरं. त्या मंदाचा हात लई दाट हाय." त्यानंतर ती स्वतः चिखलात उतरू शकली नाही, आजपर्यंत.

आणि मी काय केलं? अहवाल लिहिला. 'दरड कोसळण्यापूर्वी संपूर्ण वस्ती सुरक्षित ठिकाणी हलवली, एक महिला जखमी.' त्या अहवालावरून एका कार्यक्रमात मला शाल-श्रीफळ दिलं. नारळ फोडवेना, तो कुजला. शाल कपाटात आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही. मला कुणी बोल लावला असता तर बरं झालं असतं. एकदा मी कोंडिबाबांकडं विषय काढला. म्हटलं, बाबा, मी तुम्हाला बसवलं. ते विडी विझवत म्हणाले, "मीबी बसलोच की. चा गरम व्हता." त्यांनी अर्धं ओझं स्वतःकडं घेतलं. माझं काही हलकं झालं नाही.

इशारा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एसटीनं गेले. पौडच्या पुढं धरणाच्या कडेनं गाडी निघाली की सगळीकडं हिरवं आणि पाणीच पाणी. पूर्वी या रस्त्यावर मला गाणी सुचायची. यंदाची तालीम भर लावणीत घ्यायची असं वाडीनंच ठरवलं होतं, आणि मोजणी नाही, हाळीच. कोंडिबाबांचा आवाज आता गेला आहे, छाती भरते. हाळीचं काम त्यांनी पारूला दिलं. तिला रानात जाता येत नाही, पण आवाज खणखणीत आहे.

शाळेच्या व्हरांड्यात ती काठी आडवी ठेवून बसली होती. मी शेजारी बसले. लोक अजून वरून उतरायचे होते. हीच वेळ, म्हटलं. आता नाही तर मी मेल्यावर सांगणार का?

"पारू, त्या दिवशी सगळे आले असं मीच सांगितलं होतं."

मी भडाभडा बोलत सुटले. बाबा हाळी देत होते, मी त्यांना बसवलं, माझ्या आकड्याच्या नादात बसवलं, डॉक्टरांनाही खोटं सांगितलं. पारूनं सगळं ऐकून घेतलं. मग समोर वाडीकडं हनुवटी केली.

"मला ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"कोन कशाला सांगल? तितनं शाळा दिसती न्हवं. मी पडली व्हती तितनं. मधी धुकं फाटलं, पाऊसबी थांबला. बाबांचं तांबडं पागोटं म्होरं आलं, हितंच, या कडंला. म्हनलं, आता हाळी येल. मी ओ द्यायला श्वास भरून घेतला." ती काठीचं टोक फरशीवर घासत राहिली. "मंग तुमचं पिवळं जाकीट आलं त्येच्या बाजूला. आन् पागोटं खाली बसलं."

मला तिच्याकडं बघवेना. इतकी वर्षं ती मला चहा पाजत होती आणि तिला ठाऊक होतं. मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस कधी?"

"तुमी येत व्हता न्हवं दरसाली. म्हनलं, सांगतील कवातरी."

एवढ्यात वरून माणसं आली. पारू काठीवर उठून व्हरांड्याच्या कडेला गेली, तोंडाशी हात नेला आणि नावं घ्यायला लागली. नाव, मग ओ. नाव, मग ओ. मंदा यंदाही माहेरी आली होती, तिचंही नाव आलं. कुणाच्या तरी घरी दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याचं आलं. डोंगर थांबला की नाही मला माहीत नाही, पण कुणालाच घाई नव्हती. कोंडिबाबांनी भिंतीला टेकून, घोगऱ्या आवाजात आपली ओ दिली.

शेवटी माझं नाव आलं. "सुनंदाबाय..."

मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. सगळे माझ्याकडं बघायला लागले. एक बाई म्हणाली, "आगं, हायेत की त्या, हितंच तर हायेत." पारूनं नाही अशी मान हलवली. यादीत पुढं नाव उरलं नव्हतं, तरी ती थांबून राहिली, तोंडाशी हात तसाच धरून.

मग तिनं पुन्हा हाक मारली.